इरपगुड्याचं शून्य

विद्यापीठातल्या माणसांना आजाराची भीती वाटत नाही, त्यांना आजारात रस असतो. हे जलालुद्दीन शेखला एका छापील पुस्तिकेतून कळलं, आणि एकदा छापून आल्यावर त्यावर शंका घ्यायचा त्याचा स्वभाव नव्हता.

पुस्तिका आली अठ्ठ्याण्णव सालच्या ऑक्टोबरात, एटापल्ली तालुक्यातल्या एका आडरानातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, टपालाच्या पिशवीतून. तिच्यात जनआरोग्य आणि साथरोगशास्त्र विभागाच्या प्राध्यापकांचे फोटो होते आणि प्रत्येक फोटोखाली त्या त्या माणसाला कशात रस आहे ते दिलं होतं. एकांना हात धुण्यात रस होता, तो चौदा वर्षं टिकून होता. एकांना सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यात होता, म्हणजे खर्ऱ्यानं होणाऱ्या कर्करोगात. फोटोत मात्र त्यांचा डावा गाल जरा फुगलेला दिसत होता. एक बाई रक्तक्षयात होत्या, एक गृहस्थ सर्पदंशात होते. जलालुद्दीननं ती पुस्तिका दोनदा वाचली. तो तिच्यात एक माणूस शोधत होता : ज्याला इरपगुड्याची पोरं जगण्यात रस असेल असा.

तसा कोणी सापडला नाही. सापडले ते प्राध्यापक डॉ. श्रीधर आगलावे. त्यांना इरपगुड्यातच रस होता, फक्त उलट्या कारणानं. 'हिवतापमुक्त आदिवासी वस्त्या : आहार आणि प्रतिकारशक्ती' हा त्यांचा विषय. सबंध तालुका तापानं फणफणत असताना इरपगुडा या बासष्ट घरांच्या माडिया गावात तीन वर्षांत अकराशे सोळा जणांचं रक्त तपासलं गेलं आणि एकातही हिवतापाचा जंतू मिळाला नाही. हे शून्य सरांनी सरकारी अहवालात पाहिलं आणि त्यांची झोप उडाली. लाल मुंग्यांची चटणी, असं त्यांचं अनुमान होतं. ती चटणी आजूबाजूची सगळीच गावं खात होती आणि खाऊन तापत होती, पण अनुमान म्हटलं की एवढंतेवढं चालतं.

ते अकराशे सोळा नमुने जलालुद्दीननं तपासले होते. तो केंद्रातला प्रयोगशाळा तंत्रज्ञ. म्हणजे खिडकीशी एक सूक्ष्मदर्शक, एक स्टूल, रंगाच्या चार बाटल्या आणि वीज नसली की आरशावर घ्यायला ऊन. मूळचा राजुऱ्याचा. बापाचं तिथं पत्र्याच्या ट्रंका करायचं दुकान, बायको-पोरं तिथंच. केंद्रात डॉक्टरची खुर्चीही होती. डॉक्टर दोन वर्षांपासून नव्हता, पण खुर्चीला दर मार्चमध्ये पॉलिश व्हायचं.

नमुने आणायचे गुणवंतराव मोहुर्ले. हिवताप कर्मचारी, वय चोपन्न, गुडघे त्याहून म्हातारे. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, त्या पट्टीला सगळे काचच म्हणत, आणि गावागणिक ठरलेल्या काचा दर महिन्याला भरल्याच पाहिजेत असा नियम. इरपगुडा नाल्यापलीकडे अकरा किलोमीटर. गुणवंतराव पहिल्या महिन्यात नाल्यापर्यंत गेले, नाल्याकडे नीट बघितलं आणि परत आले. गुरुवारच्या बाजारात त्यांना कोलू भेटला. कोलू इरपगुड्याचा, कोंबड्या विकायला येणारा, हसरा, कोणालाच नाही न म्हणणारा. त्याच्या एका बोटातून गुणवंतरावांनी आठ काचा घेतल्या आणि त्यांवर गावातल्या आठ जणांची नावं घातली. नावंही कोलूनंच सांगितली. पुढं दर गुरुवारी तो यायचा, कोंबड्यांची टोपली खाली ठेवायचा आणि विचारायचा, "साहेब, आज कोणतं बोट?"

गुणवंतराव बेइमान नव्हते. ज्याला टोचलं त्याला क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या असा दुसरा नियम होता आणि तो ते कसोशीनं पाळत. दर गुरुवारी कोलूला समोर बसवून, स्वतःच्या तांब्यातलं पाणी देऊन गोळ्या गिळायला लावत. त्यामुळं झालं असं, की हिवतापापासून राखलेला असा इरपगुड्यात एकच माणूस राहिला, आणि सबंध गावाचं रक्त म्हणून जात होतं ते त्याच एकाचं.

जलालुद्दीनला हे दुसऱ्याच महिन्यात उमगलं होतं. कोलूच्या पोटात जंत असावेत. त्यामुळं त्याच्या रक्तात लालसर दाण्यांच्या पेशी भरमसाट होत्या. आठ वर्षांची मुलगी, साठीची म्हातारी, गावचा मुखिया, सगळ्यांच्या काचांत त्याच पेशी, तेवढ्याच. त्यानं गुणवंतरावांना काही विचारलं नाही. गुणवंतराव वरिष्ठ होते, डब्यात त्याच्यासाठी वेगळी वांग्याची भाजी आणत, आणि रोज शंभर काचा वाचणाऱ्याला महिन्यातून तीस काचा न वाचताच 'जंतू नाहीत' असं लिहिता आलं तर डोळ्यांना तेवढाच आराम. तीन वर्षं त्यानं तो आराम घेतला.

मग सप्टेंबरातल्या एका गुरुवारी कोलू हसला नाही. "साहेब, पोरं मरून राह्यली," तो म्हणाला आणि सवयीनं बोट पुढं केलं. त्या आठवड्यात तीन गेली होती. पुढच्या गुरुवारी पाच झाली. केंद्रातलं क्विनाइन बाकीच्या गावांत संपलं होतं आणि गोळ्यांनी हा ताप हटत नव्हता. जलालुद्दीननं तालुक्याला फोन लावला, इरपगुड्यासाठी क्विनाइन द्या म्हणून.

"इरपगुडा?" तालुक्याचे साहेब म्हणाले. "अरे, तिथं तर विद्यापीठ येऊन राह्यलं, शून्य पाहायले. अन् तू मले तिथंच क्विनाइन मागतं? तब्येत बरी आहे नं तुही?"

"सर, लेकरं मरून राह्यली तिथी."

"मरतेत तं कशानं बी मरतेत. मलेरियानं नाई मरत. रेकॉर्ड आहे. तूच पाठवलं नं रेकॉर्ड?"

यावर बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते बोललं की नोकरी जाणार होती. जलालुद्दीननं फोन ठेवला. त्यानंतर दहा दिवसांनी, एका शनिवारी सकाळी, विद्यापीठाची जीप केंद्राच्या दारात उभी राहिली. वाटाडे म्हणून जलालुद्दीननं आणि गुणवंतरावांनी बरोबर जावं असा तालुक्याचा हुकूम होता.

जीपमध्ये आगलावे सर पुढं, ड्रायव्हर अकरम चाकावर, मागं सरांच्या हाताखालच्या व्याख्यात्या डॉ. स्वाती मुनघाटे. त्यांचा रस 'उपचारास होणारा विलंब' यात होता. गळ्यात दोरीला घड्याळ आणि मांडीवर तक्ते. त्यांच्या पायाशी एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीवर लाल रंगात लिहिलं होतं, 'औषधे – फक्त संशोधन चमूसाठी'.

"क्विनाइनची इंजेक्शनं आहेत," स्वाती मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकाला एक पाकीट. तुमची दोघांचीही नावं घातलीत हं यादीत."

"पण सर, त्या गावात मलेरिया नाईच म्हणता नं?" जलालुद्दीननं विचारलं.

"गावात नाही," आगलावे सर म्हणाले. "पण आपण त्या गावचे नाही ना."

त्या क्षणापासून जलालुद्दीनला जीपमध्ये दुसरं काही दिसेना. पाच पाकिटं. मोठ्या माणसाच्या एका पाकिटात दोन लेकरं निभावतात. त्याच्या गुडघ्यापासून ती पेटी एक वीत लांब होती.

सरांनी मान वळवली. "मोहुर्ले, तुम्ही तीन वर्षं या गावात जाताय. सकाळी काय खातात लोक?"

"सकाळी... सकाळी खातेत, सर."

"पण काय?"

"जे असन ते."

सरांनी वहीत लिहिलं : आहारात वैविध्य.

जीप नाल्यात उतरली आणि इंजिनाच्या आवाजात गुणवंतराव जलालुद्दीनच्या कानाशी आले. "जलाल, बाप्पा, मी मेलो. मले त्या गावाचा रस्ता बी माहीत नाई."

"एकच वाट हाय नं, भाऊ. चुकाले जागाच नाई."

"अन् गावात कोणी ओळखलं नाई तं?"

"कोलू ओळखन नं."

"तेच तं भेव हाय बे!"

इरपगुड्यात शिरताना कुत्रंही भुंकलं नाही. भातं पिवळी पडून उभी होती आणि शेतात माणूस नव्हतं. गावाच्या तोंडाशी मोहाचं मोठं झाड होतं आणि त्याच्याखाली मातीचे लहान लहान उंचवटे, वर काटेरी फांद्या घातलेल्या. जलालुद्दीन नऊ वर्षं या भागात होता. लहान लेकरू गेलं की माडिया त्याला मोहाखाली पुरतात, झाड सांभाळतं म्हणून, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मोजले. नऊ भरले. नवव्याची माती अजून ओली होती.

"व्वा!" आगलावे सर म्हणाले. "कुंपण घालून जपलंय अगदी. काय लावलंय, मोहुर्ले? रताळी?"

गुणवंतरावांनी तिकडं पाहिलं. तेही चोपन्न वर्षं याच जिल्ह्यात राहिले होते. "हो, सर," ते म्हणाले. "रताळीच."

वहीत आणखी एक शब्द पडला : कंदमुळे.

तेवढ्यात कोलू पळत आला. पाहुणे कोण हे त्याला कळेना, पण गुणवंतराव दिसले तसा त्याचा चेहरा फुलला आणि त्यानं दहाही बोटं पसरून पुढं केली. "साहेब! आज घरीच आले! कोणतं बोट?"

"काय म्हणतोय?" सरांनी विचारलं.

"नमस्कार करून राह्यला, सर. त्याइच्यात असाच करतेत."

सर रीतीभातींचा मान राखणारे होते. त्यांनीही गंभीरपणे दहा बोटं पसरून कोलूसमोर धरली. कोलूनं ती एकेक करून तपासली आणि गुणवंतरावांना म्हणाला, "मऊ हायेत. लवकर निंघन."

कोणाला हसू आलं नाही. पलीकडच्या झोपडीतून एक बाई बाहेर आली होती. सोमारी तिचं नाव, कोलूच्या नात्यातली. तिच्या हातांवर चार वर्षांचा मुलगा आडवा होता, चंदन. दातखीळ बसलेली, डोळे वर गेलेले, आणि अधूनमधून सबंध अंग ताठ होऊन थरथरायचं. ती रडत नव्हती, काही मागतही नव्हती. जीप आली म्हणजे त्यातून कोणीतरी उतरणार, एवढ्या हिशेबानं ती मूल घेऊन उभी राहिली होती.

जलालुद्दीननं विचारलं नाही, सांगितलं नाही. पोराच्या बोटाला सुई लावली, काच घेतली, रंगवली, चमूचा सूक्ष्मदर्शक गोटुलच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, ओट्यावर मांडून आरशावर ऊन धरलं. तांबड्या पेशींत हिवतापाच्या जंतूच्या बारीक बारीक अंगठ्या. एकेका पेशीत दोन दोन, तीन तीन. नऊ वर्षांत एवढ्या त्यानं पाहिल्या नव्हत्या.

"मॅडम, पाहा."

स्वाती मॅडम वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि तक्त्यात वेळ लिहिली, अकरा चाळीस. "ताप कधीपासून आहे, विचारा."

"चार दिवसांपासून," कोलूनं सोमारीला विचारून सांगितलं.

मॅडमनी तेही लिहिलं, आणि लिहून झाल्यावर पुढच्या रकान्याकडं बघत राहिल्या. पुढचा रकाना 'उपचार सुरू झाल्याची वेळ' असा होता.

"सर," जलालुद्दीन म्हणाला, "पेटीतलं एक पाकीट द्या. पोरगं जाते."

आगलावे सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मुलाच्या कपाळाला हातसुद्धा लावला. "अरेरे," ते म्हणाले. "मामाच्या गावाला वगैरे गेलं असणार. बाहेरून आणलेला ताप आहे हा. आता असं बघा, आपण शंभर जणांचं रक्त घेणार. ते घेण्याआधी गावात औषध शिरलं की सगळा पाया भ्रष्ट होतो. परवा सकाळपर्यंत थांबा. मग हवं तेवढं द्या."

"परवापर्यंत हा नाई राहत, सर."

"एक मूल म्हणजे गाव नव्हे, शेख. गावाचं तीन वर्षांचं शून्य आहे."

जलालुद्दीनच्या डोळ्यांसमोर राजुऱ्याचं घर आलं, दुकानाच्या फळीवर बसून पाटी गिरवणारी त्याची लेक गुड्डी आली, आणि लगेच गेलीही. सोमारीच्या हातांवरचं अंग पुन्हा ताठ झालं होतं.

"ते शून्य खोटं हाय, सर," तो म्हणाला. "अकराशे सोळा काचा एकाच माणसाच्या हायेत. ह्या कोलूच्या. मले माहीत होतं. मीच सही करत गेलो."

आगलावे सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "नमुन्याची संख्या एक?"

"एक, सर."

"अशक्य. दोन शोधनिबंध आहेत माझे त्यावर. तिसरा छापखान्यात आहे. मोहुर्ले, हे काय बोलतायत?"

गुणवंतरावांना निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ते एवढे घामेजले होते की टोपीची कड ओली झाली. "त्याले... त्याले ताप चढला असन, सर," ते म्हणाले. "सकाळपासून बरळूनच राह्यला."

"तसंच असणार!" सरांचा जीव भांड्यात पडला. "माणसाला ताप असताना कशाला आणायचं? तपासा त्यांना. चमूतल्या माणसाला ताप असेल तर आपल्याकडं औषध आहे ना. त्यासाठीच तर पेटी आणलीय."

जलालुद्दीन तीन वर्षांनी पहिल्यांदा खरं बोलला होता आणि त्या खऱ्याला कुठं जागाच मिळाली नव्हती.

"हो, सर," तो म्हणाला. "ताप हाय मले. कालपासून."

"मग काच दाखवा. काचेशिवाय औषध नाही, नियम आहे."

चंदनची काच सूक्ष्मदर्शकावरच होती. जलालुद्दीननं ती उचलली, सर्वांदेखत खिशातली पेन्सिल काढली आणि तिच्या कडेच्या वाळलेल्या रक्ताच्या जाड थरावर लिहिलं : जलालुद्दीन शेख, पुरुष, ३६. मग ती परत ठेवली. स्वाती मॅडम हातभर अंतरावर होत्या. त्यांनी ते पाहिलं. मग सरांना वाकायला जागा करून दिली.

आगलावे सर वाकले. "बापरे! भरलंय की सगळं! शेख, तुम्ही उभे कसे?"

"सवय हाय, सर."

"मॅडम, द्या यांना पाकीट. आणि झोपवा कुठंतरी सावलीत." असं म्हणून सर चटणीच्या नमुन्यांसाठी बरण्या काढायला गोटुलच्या आत गेले.

पाकीट हातात आलं, पण सुई द्यायची कोणी? जलालुद्दीनला बोट टोचायचा अधिकार होता, मांडी टोचायचा नव्हता, आणि मात्रा किती हेही त्याला ठाऊक नव्हतं. स्वाती मॅडम डॉक्टर होत्या. पण रोग्याला शेवटचा हात लावला त्याला अकरा वर्षं झाली होती; तेव्हापासून त्यांनी सगळे रोगी टक्क्यांतच पाहिले होते. त्यांनी पोराचं वजन हातांनी तोललं, पुटपुटत हिशेब केला, एकदा चुकला, पुन्हा केला. सुई भरताना त्यांचा हात असा कापत होता की अकरमनं मनगट धरलं.

"मॅडम, गाडी खड्ड्यात गेली की मी स्टेअरिंग असंच धरतो. डाला आता."

सुई गेली. मॅडमनी गळ्यातलं घड्याळ काढून बाजूला ठेवलं आणि पोराच्या ओठांवर साखरेचं पाणी बोटानं सोडत बसल्या.

ही बातमी सांगायला कोणी कुठं गेलं नाही. पण मान वर केली तेव्हा ओट्याच्या भोवती आयाच आया होत्या, कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या कमरेला पोर. जलालुद्दीन काचा घेत सुटला. ऊन सरकेल तसा सूक्ष्मदर्शक सरकवत वाचत सुटला. नऊ काचांत अंगठ्या निघाल्या. चंदन धरून दहा.

गुणवंतराव इतका वेळ खांबाला टेकून होते. ते आले आणि खाली मान घालून जलालुद्दीनच्या शेजारी बसले. "एका काचेवर माहं नाव टाक," ते म्हणाले. "मले बी ताप हाय म्हणून लिही."

"मेरा भी लिखो," अकरम म्हणाला. "अकरम पठाण. उमर जो चाहे डालो."

स्वाती मॅडमनी काही न बोलता पेन्सिल घेतली आणि चौथ्या काचेवर स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं.

अशी चार पाकिटं सुटली. आठ लेकरांना मॅडमनी सुया दिल्या. सातव्यापर्यंत हात कापायचा थांबला होता. नववी एक मुलगी होती. तिची पाळी येईतो तिच्या आईनं तिला पदराखाली झाकून घेतलं होतं, आणि पदर बाजूला केला तेव्हा तिला सुईची गरज राहिली नव्हती. आई उठली आणि कोणाकडंही न बघता मोहाच्या दिशेनं चालू लागली.

गुणवंतराव ताडकन उठले आणि गोटुलच्या आत गेले. जलालुद्दीन त्यांच्यामागं गेला. आगलावे सर बरण्यांवर चिठ्ठ्या लावत होते.

"सर," गुणवंतराव म्हणाले, "चमूतले चौघं पॉझिटिव्ह हायेत."

सर हुशार होते. हुशारी त्यांनी फक्त रसाच्या विषयापुरती राखून ठेवली होती. ती आता नाइलाजानं बाहेर आली. "एकाच दिवशी? चौघंही?" ते म्हणाले. "कोणाचं रक्त आहे त्या काचांवर, मोहुर्ले?"

"पोराइचं, सर. अन् झाडाखाली रताळी नाईत."

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. सर खाली बसले. मग त्यांनी वही उघडली, 'कंदमुळे' या शब्दावर पट्टीनं एक सरळ रेघ मारली, कारण खाडाखोड करायची त्यांची ती पद्धत होती, आणि विचारलं, "किती?"

"नऊ. हे दहावं."

"तालुक्याच्या भांडारात क्विनाइन आहे?"

"हाय, सर," जलालुद्दीन म्हणाला. "पण शून्यवाल्या गावाले देत नाईत. आमच्यावर इश्वास नाई ठेवणार. तुमच्या शब्दावर देतीन. तुम्ही लिहून द्या, की हे शून्य नाई म्हणून."

"ते लिहिलं की दोन्ही निबंध गेले."

"हो, सर."

"आणि तुमच्या दोघांच्या नोकऱ्या."

"त्या तं गेल्याच, सर."

सरांनी दोनदा मजकूर लिहिला आणि दोनदा फाडला, दोन्ही वेळा त्यात 'कदाचित' हा शब्द आला म्हणून. तिसऱ्यांदा तो आला नाही. खाली जलालुद्दीन आणि गुणवंतरावांनी सह्या केल्या. निघताना सरांनी स्वतःच्या वाट्याचं पाचवं पाकीट सुईविना राहिलेल्या लेकरासाठी खिशातून काढून ओट्यावर ठेवलं, ठेवताना दुसरीकडं बघितलं, आणि जीपमध्ये चढता चढता कोलूजवळ थबकले.

"दर आठवड्याला गोळी, तीन वर्षं, न चुकता," ते मॅडमना हळूच म्हणाले. "असा माणूस देशात दुसरा मिळायचा नाही. याचं रक्त जरा काढून ठेवा हं."

सर आणि अकरम जीप घेऊन तालुक्याला गेले तेव्हा तीन वाजले होते. दुसरी सुई आठ तासांनी, तिसरी त्यानंतर आठ तासांनी, आणि उरलेल्या औषधात सगळ्यांचं उद्या दुपारपर्यंत भागणार होतं. उद्या रविवार. भांडाराची किल्ली ज्या बाबूकडं असते तो दर शनिवारी दुपारच्या गाडीनं चंद्रपूरला जातो, हे गुणवंतरावांना जीप नाल्यापार झाल्यावर आठवलं. त्यांनी ते फक्त जलालुद्दीनला सांगितलं.

ऊन कलायला लागलं होतं. चंदनचं अंग ताठ होणं थांबलं होतं. मॅडमनी चमच्यानं साखरेचं पाणी घातलं, ते ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलं. दुसरा चमचा घातला, तोही ओघळला. तिसऱ्याला त्याच्या गळ्यात काहीतरी हललं आणि पाणी आत गेलं. डोळे अर्धे उघडले. त्यांत ओळख नव्हती, पण ते वर गेलेले नव्हते.

सोमारीनं ते पाहिलं. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती. आता ती कोलूकडं वळून हळू आवाजात काही बोलली. औषधाच्या रिकाम्या बाटलीकडं बोट केलं, मग गावाच्या तोंडाशी असलेल्या झाडाकडं. कोलू ऐकत राहिला.

"काय म्हणते?" जलालुद्दीननं विचारलं.

"काई नाई, दादा."

"सांग नं."

कोलूनं जमिनीवर नजर लावली. "तिची पोरगी गेली गुरुवारी. ह्याची मोठी बहीण. तं ती इचारून राह्यली, हे औषध आताच निंघालं काय? गुरुवारच्या आधी नव्हतं काय निंघालेलं?"

सोमारी जलालुद्दीनच्या तोंडाकडं बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता. तिला फक्त माहिती हवी होती.

"हो," जलालुद्दीन म्हणाला. "नवीनच हाय. कालच निंघालं."

कोलूनं ते तिला तिच्या भाषेत सांगितलं. तिनं मान हलवली, पटल्यासारखी, आणि चमच्यासाठी हात पुढं केला.